इंजिन तापवणं की हवा भरणं? हरसूलच्या एका पहाटेने माझं प्रकरण कसं बदललं

मागच्या डिसेंबरात मुलाखती घ्यायला मी चार दिवस हरसूलला राहिले होते. नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळचं हे बाजाराचं गाव. आजूबाजूला कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे. थंडी निफाडएवढी नसते, पण पहाटे साडेपाचला स्टँडवर उभं राहिलं की स्वेटरच्या आतून हुडहुडी भरते.

मुक्कामी एसटी रात्रभर तिथेच उभी होती. (शहरातल्या वाचकांसाठी: संध्याकाळची शेवटची फेरी करून गावातच थांबते आणि सकाळी पहिली निघते ती मुक्कामी गाडी.) ड्रायव्हर आले, गाडी चालू केली, आणि टपरीवरून आलेला चहा सीटवर बसूनच पिऊ लागले. मधूनमधून रेस देत होते. गाडी काही हलेना. शेजारी दोन पिकअप आणि एक जीप, त्याही चालूच. हिवाळ्यात हरसूल-पेठकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात, त्यांच्याच त्या गाड्या. गारठ्यात धूर वर जात नव्हता, जमिनीलगतच पसरत होता. पिकअपच्या मागे बसलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले होते. एकीच्या मांडीवर लहान मूल होतं.

मी वहीत लिहिलं: "थंडीत इंजिन तापवणे. जुनी सवय. आता गरज नाही, तरी चालू."

पुढे याच ओळीची प्रबंधात पाच पानं झाली. एका चर्चासत्रात मी ती वाचूनही आले. आणि ती अर्धी चुकीची निघाली! ती चुकली कशी, हेच या वेळच्या पोस्टमध्ये सांगते.

माझा विषय, दोन वाक्यांत

कोणती गाडी कोणत्या साली आली, कारखाना कुठे निघाला, हे पुस्तकांत सापडतं. पण ती गाडी रोज सकाळी चालू कशी करायचे, बिघडली की काय करायचे, हे फारसं कुठे लिहिलेलं नाही. ते ड्रायव्हर, क्लीनर आणि मेकॅनिक लोकांच्या हातात आणि सवयींत असतं. म्हणून मी सवयींकडे कागदपत्रांसारखं बघते. गाडी निघण्याआधी इंजिन चालू ठेवणं ही तशीच एक सवय. ती आली कुठून, हे शोधायला मी मागे मागे जात गेले.

हँडल, चोक आणि गरम फडकं

पेट्रोल जळतं म्हणजे खरं तर पेट्रोलची वाफ जळते. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब थंड धातूला चिकटून राहतात. त्यावर उपाय म्हणजे चोक. दांडी ओढली की कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. बरंच पेट्रोल दिलं की त्यातलं थोडं तरी वाफ होऊन पेटतं, असा साधा हिशोब. मग इंजिन तापेल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली तर गाडी आचके देऊन बंद पडणार. फियाट किंवा सुरुवातीची मारुती 800 चालवलेल्या कुणालाही विचारा, हे हाताला पाठ असतं.

त्याआधीचा काळ हँडलचा. 1912 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला, तरी हँडल पुढे कितीतरी वर्षं गाडीत असायचंच, कारण बॅटरीचा भरवसा नसे. हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. म्हणून अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवून पकडायचं, हा पहिला धडा. मला भेटलेल्या एका निवृत्त ड्रायव्हर काकांनी बोलता बोलता चहाचा कप खाली ठेवला आणि हवेतच ती पकड करून दाखवली. हँडल हातात न घेता किती वर्षं झाली असतील, पण अंगठा बरोबर जागेवर गेला!

गाडी फारच गार असेल तर काय करायचे? "फडकं गरम पाण्यात बुडवायचं आणि पिळून इंजिनाला गुंडाळायचं, जिथून पेट्रोल आत जातं तिथं." लहान मुलाची छाती शेकावी तसं.

कोळशाची भट्टी मागे बांधून

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि देशभर मोटारी, बस कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. आपल्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून "कोळशाची गाडी" येते ती हीच. कोळशाच्या आगगाडीशी तिची गल्लत करू नका. इथे वाफ नसते. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी बांधलेली असे. तिच्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड हा जळणारा वायू निघतो, तो गाळून इंजिनात सोडायचा.

आता कल्पना करा, सकाळची पहिली फेरी आहे. क्लीनरने आधी येऊन भट्टी पेटवायची. हाताने पंखा फिरवत कोळसा फुलवायचा. नीट पेटता वायू यायला लागला की मगच गाडी चालू करायची. यात बरीच मिनिटं सहज जायची. शिवाय ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी, त्यामुळे चढावर माणसं खाली उतरत.

या काळात गाडी आणि चूल यांत फारसा फरक नव्हता. निघण्याआधी थांबणं ही सवय नव्हतीच, ती गाडी चालू करण्याचीच एक पायरी होती. जी माणसं या गाड्यांवर क्लीनर म्हणून शिकली, त्यांच्यातलीच काही पुढे डिझेलवर ड्रायव्हर झाली. हे लक्षात ठेवा, कारण सवय अशीच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उडी मारते.

लाल होणारी तार

1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या दशकात टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून 1954 पासून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले, मद्रासला अशोक लेलँड उभी राहिली, आणि रस्त्यावर डिझेलचं राज्य आलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप पाचशे अंशांच्या वर तापते. मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते पेट घेतं. गार पहाटे अडचण अशी होते की भोवतालचं लोखंडच त्या हवेतली उष्णता शोषून घेतं. त्यातही इंजिनांचे दोन प्रकार होते. काहींत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. काहींत आधी एका छोट्या कप्प्यात फवारायचं, तिथे जळायला सुरुवात झाली की ज्वाळा सिलिंडरमध्ये जाई. हा कप्प्याचा प्रकार चालायला मऊ, पण थंडीत हट्टी. सुरुवातीच्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं इंजिन या जातीचं. म्हणून कप्प्यात हीटर प्लग बसवलेला असे. आधी हीटर लावायचा, काही वेळ थांबायचं, डॅशबोर्डवरची छोटी तार लाल झाली की मग सेल मारायचा.

हरसूलच्या लोकांना ट्रकपेक्षा हा हीटर जीपमुळे जास्त ठाऊक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनांसाठी करार केला. ते इंजिनही कप्प्याचं आणि हीटरवालं. पुढे एमएम 540 सारख्या जीपमध्ये ते बसलं. या सगळ्याशी आपल्या जिल्ह्याचं नातं जवळचं आहे, बरं का. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, आणि डिझेलचे नोझल-इंजेक्टर बनवणारी मायको (आताची बॉश) सातपूरला. नाशिकमधला मायको सर्कल सगळ्यांना माहीत असतो, मायको म्हणजे काय ते मात्र थोड्यांनाच!

काळीपिवळी जीप चालवलेले एक दादा म्हणाले, "हीटर गेलेला असला तर रात्रीच गाडी उतारावर लावायची. सकाळी गिअरमध्ये टाकून सोडून द्यायची. उतार नसला तर पाड्यावरची पोरं उठवायची." रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची असेल तर गाडी चालू होणार की नाही, हा प्रश्न साधा नव्हता. अशी जीप एकदा चालू झाली की ती बंद करायची नाही, हे मग ओघानेच आलं.

घट्ट तेल

आता शेवटचा थर, ऑइलचा. इंजिनातलं ऑइल गार झालं की घट्ट होतं. पूर्वी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं 40 नंबरचं ऑइल घ्या. इंजिन तापून ते 100 अंशांवर गेलं असताना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण दहापट ते 40 अंशांला असतं. पहाटेच्या आठ-दहा अंशांना तर विचारूच नका. असं तेल वरच्या भागांपर्यंत चढायला वेळ लागतो आणि तोवर लोखंडावर लोखंड घासतं.

मल्टिग्रेड ऑइल आलं तसा हा प्रश्न बराच सुटला. डब्यावर 15डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं ना? त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. गार असताना हे तेल पातळ तेलासारखं वाहतं आणि तापल्यावर 40 नंबरसारखं वागतं.

चोकचंही तसंच झालं. 2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले आणि कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता इंजिन किती गार आहे ते सेन्सर मोजतो, पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. डिझेलमध्ये थेट फवाऱ्याची इंजिनं रुळली, आणि जिथे हीटर आहे तिथे तो काही सेकंदांत आपलं काम उरकतो.

इथे माझं प्रकरण अगदी सुबक झालं होतं. भट्टी गेली, चोक गेला, जुना हीटर गेला, घट्ट तेल गेलं. म्हणजे एकेक कारण संपत गेलं आणि सवय तेवढी मागे उरली. शेवटी मी लिहिलं होतं की ड्रायव्हर मंडळींना नवं तंत्रज्ञान समजावून सांगितलं, तर ही सवय मोडेल आणि धूरही कमी होईल. चर्चासत्रात लोकांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं.

"तापवतंय कोण?"

जानेवारीत परत हरसूलला गेले, तेव्हा हँडलची पकड दाखवणाऱ्या त्या काकांना प्रकरणाचा सारांश वाचून दाखवला. मुलाखत दिलेल्या माणसाला आपण काय लिहिलं ते सांगायचं, हा नियम मी पाळते. भट्टीपर्यंत ते खूश होते. हीटरला हसले. मुक्कामी गाडीचा परिच्छेद आला तशी त्यांनी हात वर केला.

"ताई, एसटी तापवतंय कोण? हवा भरत होता तो."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. बस आणि मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो, आणि पेडल दाबलं की त्या हवेच्या जोरावर ब्रेक लागतात. गाडी रात्रभर उभी राहिली की जोडांमधून थोडी थोडी हवा गळते. सकाळी काटा खाली आलेला असतो. तो वर चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या वेगावर चालतो, म्हणून मधूनमधून रेस द्यायची.

"आणि नाही थांबलं तर?"

"आताच्या गाडीत हवा नसली तर मागचे ब्रेक सुटतच नाहीत, स्प्रिंगने धरून ठेवतात. आमच्या वेळच्या गाडीला हँडब्रेक होता. तो सोडला की गाडी हलायची. थांबायची मात्र नाही. समोर वाघेरा घाट. सांगा आता."

सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. रात्री खोलीवर येऊन मी डिसेंबरातलं रेकॉर्डिंग ऐकलं. स्टँडवरचे आवाज म्हणून सहज करून ठेवलं होतं. इंजिनाची घरघर, रेस, कुणाचा तरी खोकला, पुन्हा रेस. मग आठव्या मिनिटाला स्पष्ट "फुस्स" असा आवाज. टाकी भरली की जादा हवा बाहेर सोडली जाते, तोच तो. आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटात गिअर पडल्याचा आवाज. पुरावा महिनाभर माझ्याच फोनमध्ये पडून होता! ड्रायव्हर इंजिनाच्या तापमानाचा काटा बघत होते की हवेचा, हे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. मला ते माहीत आहे असं मी धरून चालले होते.

आता विचार करा, माझा "सवय मोडा" हा सल्ला कुणी मनावर घेतला असता तर?

आणि पिकअप?

मग वाटलं, पिकअपवाल्यांचंही असंच काही असेल. पण पिकअप-जीपचे ब्रेक वेगळे असतात. तिथे ब्रेक ऑइल असतं आणि मदतीला व्हॅक्यूम, जो इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत तयार होतो. मग दहा मिनिटं कशासाठी?

या वेळी मी वहीत लिहिण्याआधी विचारलं. तिघांची तीन उत्तरं मिळाली. एक म्हणाला, "वडील करायचे म्हणून." म्हणजे माझं जुनं प्रकरण अगदीच वाया गेलं नव्हतं. दुसरा म्हणाला, "बॅटरी उतरलीय. एकदा बंद केली की परत सेल घेत नाही." गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो, आणि नवी घ्यायची तर काही हजार रुपये लागतात. तिसरा हसला. "गाडी चालू दिसली की माणसं पळत येतात. बंद दिसली की चहाला जातात."

घ्या! या तिसऱ्या कारणाचा इंजिनाशी काही संबंधच नाही. चालू इंजिन म्हणजे "सुटतेय, सुटतेय" अशी हाक आहे.

एकाच स्टँडवर, एकाच थंडीत, चार गाड्या चालू उभ्या. लांबून एकच सवय दिसते. जवळ जाऊन विचारलं तर ब्रेक, बॅटरी, बाप आणि गिऱ्हाईक अशी चार कारणं निघतात. सवय मागे उरते हे खरंच आहे, पण ती रिकामी राहत नाही. जुनं कारण गेलं की नवं येऊन तिथे बसतं. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि मग तो त्याला अडाणीपणा म्हणतो. मीही जवळजवळ तेच लिहिलं होतं, फक्त जड शब्दांत.

मग आपण काय करायचं?

हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. तुमची इंजेक्शनवाली कार असेल तर महाराष्ट्रातल्या थंडीत अर्धा मिनिट पुरे. ऑइल वर चढलं की निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. इंजिन उभ्यापेक्षा चालताना लवकर तापतं. उभं ठेवून तापवलं तर उलट जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर चोक आत जाईपर्यंतचा वेळ तिला द्या. बंद गॅरेजमध्ये मात्र कोणतीच गाडी चालू ठेवू नका. भट्टीवाल्या गाडीचं जे इंधन होतं, तोच कार्बन मोनॉक्साइड सायलेन्सरमधून निघतो, आणि त्याला वास नसतो. बसमध्ये बसला असाल आणि ड्रायव्हर थांबलेला असेल तर त्याला घाई करू नका.

राहिला धुराचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. पिकअपच्या मागे मांडीवर मूल घेऊन बसलेल्या त्या बाईला हे वर्गीकरण माहीत नसेल, पदर नाकाला लावायचं मात्र तिला कळत होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात तिच्यासाठी "जनजागृती" हा एक शब्द होता. आता तिथे बॅटरीची किंमत आहे, आणि माणसं गोळा करून गाडी भरायची पद्धत आहे. धूर कमी करायचा तर आधी याबद्दल बोलावं लागेल.

उतरलेल्या बॅटरीवाल्या दादाला मी भीत भीत एवढंच विचारलं, की बंद करता येत नसेल तर गाडी फिरवून उभी करता येईल का, म्हणजे सायलेन्सर बसणाऱ्यांकडे येणार नाही. त्याने मागे वळून पाहिलं. "ते होईल की," म्हणाला, आणि गाडी फिरवून घेतली.

प्रकरणाचं आधीचं शीर्षक होतं "एक अवशिष्ट सवय". ते खोडलंय. नवं अजून सुचलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "आधी हवा भरू द्या, मग निघा."